तगरीच्या एकोणीस काड्या

सिंधूताई इंगळे यांना मेलेलं झाड दाखवायची हिंमत आमच्या धामणगाव बढे गावात कुणाचीही नाही. माझीसुद्धा नाही, आणि मी तर त्यांची वरिष्ठ आहे. अर्थात कागदावर. मी अंगणवाडीची सेविका आणि त्या मदतनीस. खिचडी शिजवणं, मुलांना घरून आणणं, झाडलोट ही त्यांची कामं. हजेरी, वजनं आणि मोबाईलमधल्या त्या न संपणाऱ्या नोंदी ही माझी. पण बाहेरून आलेला माणूस आधी त्यांना नमस्कार करतो आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, "मॅडम आहेत का?" सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आता कधीकधीच येतो.

वय त्रेसष्ट, अंगकाठी काटक, आणि आवाज असा की दारातून हाक मारली तर तिसऱ्या गल्लीतलं पोर दप्तर शोधायला लागतं. नवरा लवकर गेला. मुलगा देवानंद अकोल्याला नोकरीला आहे, तो "चला" म्हणून कंटाळला, पण या काही गाव सोडत नाहीत. अंगणवाडीतल्या बावीस वर्षांत त्यांनी दोनच गोष्टी मनापासून वाढवल्या, गावची मुलं आणि तगर.

तगर म्हणजे काही मोठं नवलाचं झाड नाही. पुरुषभर उंचीचं झुडूप, बारा महिने हिरवं, बारा महिने पांढरी फुलं. पण आमच्याकडे उन्हाळ्यात सगळी फुलं तोंड फिरवतात तेव्हाही तगर दोन-चार फुलं देतेच, म्हणून ताईंचा तिच्यावर जीव. सकाळी पाच फुलं बुद्धमूर्तीपुढे ठेवायची, उरलेली शेजारच्या देवघरांना वाटायची. आणि दरवर्षी अंगणवाडी संपवून पहिलीला जाणाऱ्या प्रत्येक लेकराला तगरीचं एक रोप द्यायचं. सरकारनं सांगितलेलं नव्हे, त्यांचा स्वतःचा रिवाज. फेब्रुवारीत पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या कापायच्या. खालचा काप पेराच्या जरा खाली, तिरपा. पानं काढून टाकायची. दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती, रेती आणि कुजलेलं शेणखत, त्यात काडी, आणि पिशवीवर स्केचपेननं लेकराचं नाव. जूनपर्यंत रोप तयार.

इथवर सगळं गोड आहे. पुढचं ऐका. वर्षभरात ताई कधीही, कुणाच्याही दारात उभ्या राहत आणि विचारत, "झाड दाखव." आणि झाड मेलेलं निघालं तर भर गल्लीत, शेजारणी कान टवकारून असताना, त्या घराची अशी काही हजेरी घेत की बाप्या माणसांनी मागच्या दारानं पळ काढावा. "येवढं लेकरू सांभायता, मंग एक काडी नाई सांभायता येत?" यातून गाव काय शिकलं? झाड जगवायला नाही शिकलं. खोटं बोलायला शिकलं. रामरावांनी तर एकदा शेजाऱ्याची तगरीची कुंडी कुंपणावरून घेऊन स्वतःच्या ओसरीत मांडली होती. ताईंनी कौतुक केलं आणि शेजारीही बिचारा मान डोलावत उभा राहिला.

यंदा मे महिन्यात अंगणवाडीच्या भिंतीलगत नालीचं काम निघालं आणि जेसीबीनं ताईंची मूळ तगर एका फटक्यात उपटून टाकली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यातच फेब्रुवारीत लावलेली रोपं त्या ढिगाऱ्याखाली गेली. जूनमध्ये शाळा उघडायला दोन दिवस उरले होते, मुलं एकोणीस, आणि हातात एक रोप नाही. मी म्हटलं, "ताई, यंदा राहू द्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वजनकाटा पुसायला घेतला.

त्या तालुक्याला, मोताळ्याला गेल्या आणि संध्याकाळच्या आत काड्यांची मोळी घेऊन आल्या. रोप करायला वेळच नव्हता. काड्या तशाच पिशव्यांत खोचल्या, मुलांच्या हातात दिल्या आणि घरोघरी सांगितलं, महिन्याभरात फुटतील. एकोणीस मुलांच्या एकोणीस, आणि उरलेल्या दोन त्यांनी आपल्या न्हाणीजवळ लावल्या.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, चुलीवर खिचडी सोडून ताई माझ्या टेबलाशी आल्या. आमच्याकडे चूल कधीच सोडली जात नाही. त्यांच्या तळहातावर दोन पानं होती.

"बाई, हे पाहा."

मी पाहिलं. एक पान रुंद, तुकतुकीत, कडेला जरा लहरी. दुसरं लांब, अरुंद, सुरीच्या पात्यासारखं.

"हे तगर. फांदीवर जोडीनं येते, एकाच्या समोर एक. आन् हे..." त्यांनी दुसरं पान पुढे केलं. "हे एकाआड एक, फांदीच्या चहूकडून येऊन राह्यलं. हे तगर नोहे बाई. पिवळी कण्हेर हाये."

"कुठं मिळालं?"

"माह्या न्हाणीजवळ. दोन काड्या लावल्या होत्या म्या. एक तगर निघाली, एक हे."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. पिवळी कण्हेर आमच्याकडे कुणाला माहीत नाही असं नाही. तिच्या बियांचं नाव माणसं हळू आवाजात घेतात. पण बीच कशाला, त्या झाडाचं पान, साल, चीक, सगळंच विषारी. मोठा माणूस कडू म्हणून थुंकेल. पाच-सहा वर्षांचं लेकरू भातुकलीत पानांची भाजी करील, आणि त्यातलं एखादं खाऊनही पाहील.

"असं झालंच कसं ताई? तुम्ही तर झाड अंधारात हातानं ओळखता."

त्या खाली बसल्या. मोताळ्यात एका कचेरीच्या कुंपणाची छाटणी झाली होती. कुंपण तगरीचं, वर पांढरी फुलं लागलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पाला-शेंडे गाडीत भरून गेले होते, जाड दांड्या तेवढ्या रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या. छाटणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, हाव, तगरच. तरी ताईंनी दोन काड्या मोडून पाहिल्या. पांढरा चीक आला. तगरीला चीक येतो. पण चीक कण्हेरीलाही येतो, आणि त्या कुंपणाच्या कोपऱ्यात एक कण्हेर असणार हे ढिगाकडे पाहून कोण सांगणार?

"पेर पाह्याले पायजे होतं. पान गळलं तरी खूण राह्यते. तगरीच्या खुणा समोरासमोर राह्यतात. चष्मा घरी राह्यला होता आन् बस लागली होती. म्या म्हणलं, माह्या हाताले कायची फसवणूक होते?" त्यांनी तळहाताकडे पाहिलं. "दोनात एक निघाली बाई. मंग एकोणिसात किती?"

मी हिशेब केला नाही. करायची इच्छा नव्हती.

आता मी जे केलं ते सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. ताई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू. आणि मी म्हटलं, थांबा. मला पर्यवेक्षिका मॅडम दिसल्या, नोटीस दिसली, अंगणवाडीनं लेकरांना विष वाटलं अशी गावभर बातमी दिसली. ताईंना निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण फोन करून फक्त विचारू, झाड कसं आहे. ज्याचं फुटलंय त्याच्याकडे जाऊ, पान पाहू, कण्हेर असेल तर कीड लागली म्हणून काढून आणू. कुणाला कळायचंही नाही."

त्यांनी ती दोन्ही पानं मुठीत मिटली. मग म्हणाल्या, "लोकं म्हणतीन, म्हातारीनं लेकरायच्या हाती ईख देल्लं." ईख म्हणजे विष. आणि त्या माझ्या सांगण्याला तयार झाल्या. त्यांनाही भीती होती. बावीस वर्षं ज्यांना दारात उभं करून बोलल्या, त्यांच्या दारात आता आपण मान खाली घालून उभं राहायचं, ही भीती काही लहान नसते.

मुलांना खिचडी वाढली आणि मी फोन लावायला घेतले. स्पीकरवर. पहिला मंजुळाबाईंना, त्यांची नात समता यंदा पहिलीला गेली होती.

"मंजुळाबाई, ते झाड कसं हाये वं?" ताईंनी विचारलं.

"मस्त हाये ना ताई! ढोपराएवढं आलं!"

ताईंचा चेहरा उतरला. तगर महिन्यात ढोपराएवढी होत नाही. तगर सावकाश वाढते. झपाट्यानं वाढते ती कण्हेर.

"पान कसं हाये?"

"हिरवं हाये ना."

दुसरा फोन रामरावांना. त्यांचा नातू ऋत्विक. "एक नंबर हाये ताई! शेतात नेऊन लावलं, बांधावर. लय फुटलं." तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सगळीकडे हिरवंगार, टवटवीत, भरभरून. एकही काडी मेली नव्हती. ताई प्रत्येक फोननंतर एक बोट मिटत होत्या. सहावं बोट दुसऱ्या हाताचं होतं. एवढ्या सगळ्या काड्या जगल्या कशा? तगरीच्या काड्या, त्याही बिनमुळाच्या, पावसाळ्याच्या चिखलात, निम्म्या तरी कुजायला हव्या होत्या. त्या क्षणी आम्हा दोघींनाही एकच उत्तर सुचलं. सगळ्या कण्हेरीच असल्या पाहिजेत.

आज मागे वळून पाहते तेव्हा स्वतःच्या अकलेचं नवल वाटतं. अख्खं गाव ताईंना झाडाबद्दल काय सांगतं हे मला ठाऊक होतं. पण भीती माणसाला बहिरं करते.

दोन वाजता मुलं घरी गेली आणि आम्ही निघालो. मंजुळाबाईंचं घर जवळच. त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"झाड मांगं हाये ताई. लय चिखल हाये तिथं. पाय भरतीन."

"भरू द्या," ताई म्हणाल्या.

"मीच आणतो ना." मंजुळाबाई आत गेल्या. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी त्या समताचं नाव लिहिलेली पिशवी दोन्ही हातांनी धरून आल्या. पिशवीत एक टवटवीत रोप होतं. ताईंनी वाकून पाहिलं, पान बोटांत चोळलं, वास घेतला.

"मंजुळाबाई, हे वांगं हाये."

मंजुळाबाईंनी रोपाकडे असं पाहिलं जणू त्यानंच त्यांना फसवलं. "अगंबाई! मंग बदललं असन!"

एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी माझा पारा चढला. मी म्हटलं, "खरं झाड कुठं आहे ते सांगा, मंजुळाबाई. खेळ नाही हा." तर त्या म्हणाल्या, बहिणीकडे वडनेर भोलजीला पाठवलं, तिथं लय छान आलं. आता वडनेर! म्हणजे मोताळा, नांदुरा आणि पुढे. तिथल्या घरी किती लेकरं, किती शेळ्या, देव जाणे. ताईंनी भिंतीला हात टेकवला.

तेवढ्यात गल्लीतून एक बाई ओरडत आली. रामरावांच्या ऋत्विकला उलट्या होतायत, दवाखान्यात नेलाय.

सिंधूताई धावल्या. त्रेसष्ट वर्षांची बाई, पायात रबरी चप्पल, आणि मी मागे राहिले. मला आठवतंय, वाटेत एका ठिकाणी चप्पल चिखलात अडकली तर त्यांनी ती तिथंच सोडली. मी माझ्या मनात एकच वाक्य घोकत होते: सकाळी अकराला सांगितलं असतं तर. सकाळी अकराला सांगितलं असतं तर.

दवाखान्याच्या बाकावर सात-आठ माणसं होती. आतल्या खोलीत ऋत्विक पलंगावर पडलेला, चेहरा पांढराफटक. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं? रामराव म्हणत होते, काही नाही, नेहमीचंच. ताई सरळ आत शिरल्या.

"डॉक्टरसायेब, त्यानं झाडाचं पान खाल्लं असन. पिवळ्या कण्हेरीचं."

डॉक्टरांनी मान वर केली. "कण्हेर? कुठली कण्हेर?"

"म्या देल्लेली." त्यांनी बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, आवाज कापत होता पण लहान केला नाही. "म्या लेकरायले तगर म्हणून काड्या देल्ल्या. त्यात कण्हेर मिसळली हाये. मले आज सकाळी समजलं, तरी म्या सांगतलं नाई. बाईचा काई दोष नाई. चूक माह्यी हाये. रामराव, ते झाड लेकराच्या हाती लागलं का? खरं सांगा."

बाईचा दोष नाही म्हणे. मी दारात उभी होते आणि माझा चेहरा कुठं लपवू असं झालं मला.

रामराव एकदा डॉक्टरांकडे पाहत, एकदा ताईंकडे. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ताई... ते झाड तं आठ दिवसातच मेलं."

"काय?"

"सडलं. बांधावर नेलंच नाई. उकिरड्यावर फेकून देल्लं. तुमी बोलसान म्हणून..."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली होती, ती त्यांनी बराच वेळ तशीच ठेवली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो. मग ते म्हणाले, ठोके एकदम व्यवस्थित आहेत, हे विषबिष काही नाही. पण आठवून सांगा, काल काय खाल्लं? मग ऋत्विकच पलंगावरून म्हणाला, कच्च्या शेंगा. किती? लय. डॉक्टर म्हणाले, तरी संध्याकाळपर्यंत इथंच राहू द्या.

ताई बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पण दोनच मिनिटं. मग पदरानं तोंड पुसून हात पुढे केला. "मोबाईल द्या बाई. त्या पालकायच्या गटावर बोलाचं हाये मले."

त्यांचं ते बोलणं मी अजून जपून ठेवलंय. "मी सिंधू बोलून राह्यली. यंदा म्या देल्लेल्या काड्यायत पिवळी कण्हेर गेली हाये. ईखारी हाये. लेकराले हात लावू देऊ नका, जाळू बी नका, धूर वाईट राह्यते. माह्यी चूक हाये. झाड मेलं असन तं मेलं म्हणून सांगा. म्या कोनाले काई बोलणार नाई. हात जोडतो, खरं सांगा."

मिनिटभरात टुणटुण सुरू झालं, थांबेचना. मेलं ताई. कोंबड्यानं उकरलं ताई. पिशवीत पाणी साचून सडलं. पत्र्यावर ठेवलं होतं, वाळलं. लेकरानं खेळता खेळता मोडलं, चिकाचे हात धुतले होते. देल्लं त्याच दिवशी बसमध्ये राह्यलं. सकाळी ज्यांची झाडं भरभरून फुटली होती, तीच माणसं आता एकेक करून आपापल्या काड्या मातीला देत होती. मंजुळाबाईंनीही लिहिलं, वडनेरला काही पाठवलं नव्हतं, माफ करा. मी कागदावर खुणा करत होते. पंधरा मेलेल्या. तिघांनी फोटो पाठवले. ताईंनी चष्मा लावून प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला, पानं समोरासमोर, रुंद. तगर, तगर, तगर.

"पंधरा मेले," ताई म्हणाल्या. "बरं झालं मेले. जिंदगीत पयल्यांदा असं म्हणून राह्यली मी."

पंधरा आणि तीन अठरा. एक राहिली. महामाया.

तिचे आईबाप कामासाठी बाहेरगावी, ती आजोबांकडे राहते. ते आजोबा, पुंजाजी, हिंमतरावांच्या मळ्यात राखणीला आहेत, नाल्यापलीकडे, गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्यांच्याकडे बटणाचा फोन, तो बंद. गटात ते नाहीत. पोर अंगणवाडीत कधी तोंड उघडायची नाही. ताईंच्या मागे सावलीसारखी फिरायची, सांगितलं ते करायची, आणि कुणाच्या लक्षात यायची नाही. माझ्याही नाही. तिचा चेहरा आठवायला मला त्या दिवशी जरा वेळ लागला, हेही सांगून टाकते.

चारच्या पुढे झालं होतं. कुणीतरी ताईंना चप्पल दिली. नाल्याला पाणी थोडंच होतं. वाटेत ताई एकच गोष्ट बोलल्या. "ते मेलं असू दे."

मीही मनात तेच म्हणत होते.

झोपडीपुढे पुंजाजी दोर वळत बसले होते. आम्हाला पाहून उठले, घाईनं उपरणं सारखं केलं. "ताई, तुमी? बसा ना, बसा."

"महामाया कुठं हाये? बरी हाये ना?"

"बरी हाये ना. शाळेतून आली, थे काय झाडापाशी."

झोपडीच्या मागे, विहिरीपासून चार पावलांवर, बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण होतं. लहान हातांनी रचलेलं, जिथं तिथं सुतळीनं बांधलेलं. आत एक झाड. माझ्या कमरेला लागेल एवढं नव्हे, पण वीतभर काडीचं हातभर झालेलं. गर्द हिरवं, चकचकीत. पानं लांब, अरुंद, एकाआड एक, चहूकडून.

ताईंनी चष्मा लावला. गरज नव्हती. मलाही दिसत होतं.

महामाया पाण्याचा गडवा घेऊन उभी राहिली. तिनं ताईंकडे पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "ताई, म्या कुंपण केलं. शेळी येते म्हणून. रोज दोन गडवे पाणी टाकतो. पान एकबी नाई तोडलं. कोनालेच तोडू नाई देल्लं."

"तोंडात नाई ना घातलं कधी?"

"नाई! तुमी सांगतलं होतं ना, झाडाचं तोंडात घालाचं नाई."

ताईंनी डोळे मिटले. एकोणीस लेकरांत हिनं तंतोतंत ऐकलं होतं. हिनं पाणी घातलं, राखण केली, खोटं बोलायची तिला गरज पडली नाही. आणि तिच्याच वाट्याला हे आलं होतं. मला वाटलं, ताई पुंजाजींना बाजूला घेऊन सांगतील आणि रात्री पोर झोपल्यावर ते उपटून टाकतील. मी असते तर तेच केलं असतं.

ताई मात्र ओल्या मातीत मांडी घालून बसल्या, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली. "महामाया, हे तगर नोहे. हे ईखारी झाड हाये. हे आपल्याले काढा लागन."

पोरीला कळलं नाही. तिनं झाडाकडे पाहिलं. ते काही आजारी दिसत नव्हतं.

ताईंनी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, काटे बाजूला केले, बुंध्याशी धरून हळू ओढलं. माती पोकळ केलेली होती, झाड सहज आलं. मुळं पांढरी, भरपूर, सगळीकडे पसरलेली. ताईंचा हात तिथं क्षणभर थांबला. "किती चांगलं लागलं होतं वं माय," त्या पुटपुटल्या. मग पुंजाजींना म्हणाल्या, विहिरीपासून दूर, नाल्याच्या उंच अंगाला खोल खड्डा करा, पुरून टाका, शेळीला लागू देऊ नका. मुलीचे हात स्वतः धुतले, साबणानं, दोनदा.

महामाया रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "म्या पाणी कमी टाकलं का?"

"नाई माय."

"जास्त झालं?"

"नाई. तुह्यं काईच चुकलं नाई. तू जे केलं ते बरोबर केलं. माह्यं चुकलं. म्या नीट न पाहता देल्लं तुले."

पोर विचार करत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "मंग तुमाले कोन बोलन?"

मी दुसरीकडे पाहायला लागले. पुंजाजी ओशाळले. "अवं पोरी, ताईले असं बोलते का? गप्प राह्य."

"राहू द्या, पुंजाजी," सिंधूताई म्हणाल्या. त्या तिच्याकडेच पाहत होत्या. "तिचं झाड होतं. तिले बोलू द्या. बोल माय. तू बोल मले."

महामायानं रिकाम्या खड्ड्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ हलायला लागला. मग ती आपल्या सगळ्या ताकदीनिशी ओरडली, "पाहून द्यावं ना मंग!"

सिंधूताईंनी मान खाली घातली. "हाव माय," त्या म्हणाल्या. "पाहून द्याले पायजे होतं."